अक्का म्हणजे किती पुरणपोळ्या?

"खरं सांगा सारिकाताई, काय खाल्लं होतं त्या दिवशी?"

पडद्यावरच्या डॉक्टर नाफड्यांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा सारिकाने हातातला ब्लाउज मांडीवर ठेवला. डॉक्टर पुण्यात, ती गडहिंग्लजला. तीन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष गाठ एकदाही पडली नव्हती, पण तिच्या अंगातली साखर दर मिनिटाला त्यांच्या केंद्रात हजेरी लावत होती. खोटं बोलायची सोयच नव्हती. आणि या वेळी तर बाई खरंच बोलत होती.

"वर्षभराची चटणी केली. चव बघायला बोटावर घेतली असेल तेवढीच. चटणीनं साखर चढते का, डॉक्टर?"

"तीनशे बारा. सकाळी अकरापासून दुपारी दोनपर्यंत. आणि जेवणाची नोंद नाही."

"जेवलेच नाही, तर नोंद कसली करू?"

डॉक्टरांनी आणखी काही आकडे चाळले. "नाडी एकशे अठरा. ताप नाही, धावपळ नाही, दिवसभर घरीच." मग त्यांनी चष्मा काढला. "कोणाशी भांडलात का?"

सारिकाने मांडीवरचा ब्लाउज घडी करून बाजूला ठेवला. "अक्का आली होती," ती शेवटी म्हणाली, आणि एवढ्या उत्तराने डॉक्टरांचं समाधान का होत नाही हे काही तिला कळेना.

अक्का म्हणजे भारती, सारिकाची सख्खी थोरली बहीण. दोघी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या, त्यामुळे सख्ख्या बहिणी त्याच सख्ख्या जावा. भांडायला एक नातं पुरत नाही म्हणून देवाने दोन दिली होती. पुढे वाटणी झाली, अक्का आजऱ्याला गेली आणि सारिका नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानापायी गडहिंग्लजला राहिली. पण दर एप्रिलमध्ये वर्षाची कांदालसूण चटणी दोघी मिळूनच करायच्या. आईने तशी सवय लावली होती. मिरच्या निवडायच्या, खोबरं भाजायचं, मसाला परतायचा आणि सगळं डंकाच्या गिरणीत कुटून आणायचं. भांडणाची सुरुवात ब्याडगी मिरची किती नि जवारी किती इथून व्हायची आणि शेवट नेहमी आईपाशी.

आईलाही साखरच होती. तेव्हा ही यंत्रं नव्हती. आधी अंगठा गेला, मग पाऊल गेलं, आणि शेवटची दोन वर्षं ती अक्काकडे खाटेवर होती. अक्काने पथ्य असं सांभाळलं की गुळाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला. सारिका भेटायला जायची तेव्हा आई लहान पोरासारखा हात पुढे करायची, आणि सारिका पदराआडून पेढ्याचा तुकडा त्या हातावर ठेवायची. आई गेल्यावर बाराव्याच्या दिवशी अक्का म्हणाली, "तुझ्या लाडानं गेली आई." सारिका म्हणाली, "तू उपाशी मारलीस तिला." त्याला अकरा वर्षं झाली. दोघींपैकी एकीनेही शब्द मागे घेतला नव्हता.

* * *

सारिकाच्या दंडावर जे यंत्र होतं त्याला सगळं गाव टिकली म्हणायचं, कारण ते होतंच टिकलीएवढं. टिकलीच्या पोटातला केसाएवढा तंतू कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजायचा. शिवाय नाडी, घाम, अंगाची ऊब. कमरेला काडेपेटीएवढी डबी, तीत इन्सुलिन. टिकलीने मोजायचं, दूरच्या केंद्रातल्या यंत्राने ठरवायचं आणि डबीने सोडायचं, असा कारभार. माणसाने काही करायचं नाही.

एक सोडून. इन्सुलिन कितीही चपळ झालं तरी कामाला लागायला पंधरा-वीस मिनिटं घेतं, आणि जेवणातली साखर काही तेवढी वाट बघत नाही. म्हणून जेवायला बसण्याआधी यंत्राला वर्दी द्यायची. त्यासाठी ग्रॅम नि कॅलरी शिकायची गरज नव्हती. "दोन भाकरी, वाटीभर आमटी" एवढं म्हटलं की फोनमधली बाई म्हणायची, "नोंद घेतली, सारिकाताई," आणि डबी आपलं काम करायची.

न खाता साखर कशी चढते ते डॉक्टरांनीच समजावलं. माणूस चिडला, घाबरला, दुखावला की अंगाला वाटतं संकट आलं, आता पळायचं किंवा लढायचं. मग यकृत आपल्या कोठाराची दारं उघडून साठवलेली साखर रक्तात सोडून देतं. धडधाकट माणसाच्या अंगात ती आपोआप आवरली जाते. तुमच्या अंगात ती तशीच फिरत राहते, डोळ्यांत जाते, मूत्रपिंडात जाते.

डोळ्यांचं नाव काढल्यावर सारिका सावरून बसली. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागले होते. ती ब्लाउज शिवायची. सुईत दोरा ओवायला हल्ली दोन-तीनदा प्रयत्न करावा लागे.

"हे चढउतार थांबले नाहीत, तर वर्ष-दोन वर्षांत तो डोळा तुमच्या कामाचा राहणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, त्यामुळे तिला जास्त भीती वाटली.

नाशिकला असलेल्या तिच्या लेकीने, श्रावणीने, त्याच संध्याकाळी फोनवरून यंत्रात 'शांतता' नावाची सोय चालू करून दिली. साखर कशाकशाने चढते ते यंत्राने आता स्वतः हुडकायचं होतं. महिन्याभरात त्याने यादी काढली. पोहे, आंबा, अपुरी झोप. आणि सगळ्यात वर, लाल अक्षरांत, भारती.

* * *

तेव्हापासून अक्काचे फोन यंत्रापाशी अडायला लागले. सारिकाची साखर दीडशेच्या वर असली की बाई अक्काला गोड आवाजात सांगायची, "सारिकाताई सध्या विश्रांती घेत आहेत." साखर खाली असली तरी दहा मिनिटांनी फोन बंद. अक्काचा निरोप यायचा, "इश्रांती? दुपारी बाराला? राणी लागून गेली."

दोन महिन्यांत सारिकाचा आलेख गादीसारखा सपाट झाला. डॉक्टर खूश, श्रावणी खूश, नवरासुद्धा दुकानातून येताना विचारायचा, "आज काय म्हणते तुझी टिकली?"

सारिकाला मात्र बसवेना. मशीनवर बसली की उठायची, उठली की दारापर्यंत जाऊन परत यायची. डाव्या बाहीच्या जागी उजवी लावून बसली, तेही एकदा नव्हे, एकाच आठवड्यात दोनदा. कुणी यायचं राहिलंय, काहीतरी चुलीवर ठेवून आपण विसरलोय, असं दिवसभर वाटायचं. फोन हातात घ्यायचा, आकडा बघायचा, एकशे बावीस, ठेवायचा, परत घ्यायचा. एकशे एकवीस. अक्काशी बोलताना ती तळमळायची हे खरं, पण ती तळमळ फोन ठेवला की संपायची. ही संपतच नव्हती. आईची भाकरी एका बाजूने कायम करपायची हे आठवणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला यंत्राने आंब्याच्या वर बसवलं होतं.

वर्ष सरत आलं, आणि होळीच्या दिवशी मात्र निराळंच घडलं. सारिकाने पाट मांडला, वर्दी दिली, "दोन पुरणपोळ्या." आणि ताटावर बसणार तोच अक्काचा फोन. साखर त्या वेळी एकशे दहा होती, म्हणून यंत्राने सोडला.

"पुरणात वेलदोडा घातलास का जायफळ?" अक्काने विचारलं.

"जायफळ."

"आई वेलदोडा घालायची."

"आई जायफळच घालायची, अक्का. तुला काय आठवतंय."

"मला आठवतंय ते सांगू का?" अक्का म्हणाली, आणि दहाच्या दहा मिनिटं सांगत राहिली. फोन बंद पडला तेव्हा सारिकाचे कान तापले होते. अन्नावरची वासनाच उडाली. अर्ध्या तासाने तिला एकदम आठवलं की आपण वर्दी देऊन जेवलोच नाही. तिने घाबरत आकडा बघितला. एकशे तीस.

दोन पोळ्यांचं इन्सुलिन अंगात गेलं होतं, पोळ्या ताटात होत्या, आणि साखर जागच्या जागी. म्हणजे ते इन्सुलिन अक्काच्या कामी आलं होतं.

आता सारिका शिवणकाम करणारी बाई. माप घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. पुढच्या महिन्यात तिने भांडणाची मापं घेतली. साधी उणीदुणी म्हणजे एक चपाती. सासरच्या वाटणीवरून निघालं तर दोन चपात्या नि वाटीभर भात. आईचा विषय म्हणजे दोन पुरणपोळ्या. अक्काच्या फोनच्या नेहमीच्या वेळेआधी वर्दी द्यायची, मग खुशाल बोलायचं. आलेख सपाटच्या सपाट. यंत्राने काही दिवस बघितलं आणि लाल यादीतून भारतीचं नाव आपणहून काढून टाकलं.

"ताई, तुम्ही पोळ्या जरा जास्तच खाताय," डॉक्टर नाफडे पुढच्या भेटीत म्हणाले. "वजन मात्र उतरतंय. नवल आहे."

"शिलाईचं काम असतं ना," सारिका म्हणाली. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, श्रावणीलाही नाही. इतक्या दिवसांनी तिला स्वतःचा अभिमान वाटत होता. डोळाही राहणार होता आणि बहीणही.

* * *

चटणीचा दिवस आला. अक्का आठच्या एसटीने निघाली असा निरोप होता. सारिका पहाटेपासून आत-बाहेर करत होती. गेल्या वर्षीचे तीनशे बारा तिच्या डोक्यात होते. फोनवर दहा मिनिटं आणि समोरासमोर अख्खा दिवस, यात फरक आहे. आज नक्की आई निघणार, बारावा निघणार, सगळं निघणार. तिने मनाशी माप घेतलं. कोपऱ्यावर अक्काची हिरवी पिशवी दिसल्याबरोबर ती फोनपाशी गेली.

"तीन पुरणपोळ्या. आणि वाटीभर भात."

"नेहमीपेक्षा जास्त आहे, सारिकाताई. जेवायला बसलात का?"

"बसले."

"नोंद घेतली."

फोन तिने बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवरच ठेवला. आकडे मोठ्याने बोलायची त्या बाईला सवय होती, आणि अक्कासमोर आपली साखर कुणी वाचून दाखवावी हे सारिकाला परवडणारं नव्हतं.

परसात शेगडी पेटवली. अक्का पाटावर बसली, कढईत खोबरं टाकलं आणि उलथन्याने हलवत राहिली. काही बोलेना. ती वाळलीही होती. गालाची हाडं वर आली होती.

"काय गं, बरी आहेस का?" सारिकाने विचारलं.

"हाय बरी."

वीस मिनिटं गेली. सारिका पाणी आणायचं निमित्त करून आत गेली. एकशे चार, आणि शेजारी खाली जाणारा बाण. हरकत नाही, ती मनाशी म्हणाली, आत्ता सुरू होईल. बाहेर येऊन तिने स्वतःच काडी लावली.

"या वर्षी मी ब्याडगी जास्त घेतलीय. अडीच किलो."

गेल्या वर्षी याच वाक्यावर अक्काने मिरच्यांची परात रागाने ढकलून दिली होती. आज ती म्हणाली, "घे की. रंग चांगला येईल."

"आणि खसखस घातलीच नाही."

"नसू दे."

सारिकाला घाम फुटला. शेगडीची धग, मिरचीचा ठसका, घाम येणारच. तिने पदराने मान पुसली. लसूण सोलताना बोटं थरथरत होती. "तुझ्या सुनेला काही येत नाही म्हणतात चटणीतलं," ती म्हणाली, आणि आपलंच बोलणं तिला लांबून आल्यासारखं वाटलं.

"शिकंल हळूहळू." अक्काने उलथनं थांबवलं. "सारे, भांडायला आली न्हाई मी आज. तुला एक सांगायचंय."

आत जाऊन दोन घास खावेत, एवढं सारिकाला त्या क्षणी कळत होतं. टोपलीत सकाळची चपाती होती. पण अक्का बोलायला लागलेली असताना उठून खायला बसायचं? 'हीच ती खादाड' हे अक्काच्या तोंडून ती चाळीस वर्षं ऐकत आली होती. ती बसून राहिली. तिची खरी चूक इथे झाली.

"मला बी साखर निघालीया," अक्का म्हणाली. "तीन महिनं झालं. कुणाला बोलले न्हाई. डॉक्टरनं गोड बंद केलं आणि त्या दिवसापासनं मला गोडाबिगर काय सुचंना. दुपारी सगळी पडली की मी उठतिया, डबं हुडकतिया. माझ्याच घरात मी चोर."

सारिका ऐकत होती, पण शब्द तिच्यापर्यंत येऊन खाली पडत होते. अक्काचा चेहरा एकाचे दोन झाला, मग परत एक.

"आई हात पुढं करायची तवा मला वाटायचं, हिला जिभंवर ताबा न्हाई. मी डबा वरच्या फळीवर ठिवला, सारे. ती खाटंवरनं त्या फळीकडं बघत पडायची. मला दिसत हुतं गं." अक्काने उलथनं खाली ठेवलं. "तू दिलास त्यो पेढा, बरं केलंस. एवढं सांगायला आलीया मी."

बारा वर्षं सारिका या वाक्याची वाट बघत होती. याला काय उत्तर द्यायचं ते तिने शंभर वेळा ठरवलं होतं. आता तोंड उघडलं तर जीभ जड, कोरडी, आणि उत्तर जागेवर नाही. तिला रडू येतंय की झोप येतेय तेही कळेना. हातातला लसूण सांडला. ती हसली, उगाचच, आणि एका अंगावर कलली.

आत बाई केव्हापासून ओरडत होती. यंत्राने डबी कधीच बंद केली होती, पण गेलेलं इन्सुलिन काही परत घेता येत नाही. सारिका फोन उचलत नाही म्हटल्यावर केंद्राने तिच्या कागदांतली दुसरी नोंद काढली. चार वर्षांपूर्वी टिकली लावताना सारिकाने एक रकाना भरला होता, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं. तिथे पहिलं नाव तिने न थांबता लिहिलं होतं आणि पुढे कधी बदललं नव्हतं. ज्या यंत्राने भारतीला महिनोन् महिने दारात अडवलं, त्यानेच आता भारतीला फोन लावला.

हिरव्या पिशवीत फोन वाजला. "भारतीताई, सारिकाताईंनी जेवणात तीन पुरणपोळ्या सांगितल्या होत्या, तरी साखर एकेचाळीस आहे. शुद्धीवर असतील तर ताबडतोब काहीतरी गोड भरवा. रुग्णवाहिका निघाली आहे, अर्धा तास लागेल."

"सारे, साखर कुठं हाय घरात?"

घरात साखर नव्हती. चार वर्षांपूर्वीच हद्दपार झाली होती, आणि होळीपुरता आणलेला गूळ तेव्हाच संपला होता. ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी शिलाई मशीनच्या खणात होती, पण ते सांगायला लागणारे शब्द सारिकापाशी उरले नव्हते. ती नुसती अक्काकडे बघत राहिली.

अक्काने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मग इकडेतिकडे बघून, आपल्याला कुणी बघेल ही भीती विसरून, तिने कमरेला खोचलेला रुमाल काढला आणि दातांनी त्याची गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता, एका बाजूने चाखलेला.

"तोंड उघड," ती म्हणाली. "सारे, माझं ऐक. आ कर."

तिने खडा नखाने फोडून थोडा थोडा बहिणीच्या गालात सारला, बोटाने हिरड्यांवर चोळला. मिरचीचं बोट होतं ते. सारिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने एकदा गिळलं, मग दुसऱ्यांदा गिळलं. अक्का आणखी गूळ फोडत होती आणि मोठ्याने रडत होती, आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

दहा-बारा मिनिटांनी सारिकाला अक्काच्या लुगड्याचा वास आला, मग करपल्याचा वास आला.

"जेवायला बसलीस म्हणं तू," अक्का म्हणाली. "तो फोन सांगत हुता. तीन पुरणपोळ्या. कुठं हायत त्या?"

सारिकाने बराच वेळ शब्द जुळवले. "तूच," ती म्हणाली.

अक्काला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पदराने नाक पुसलं. "मला पोळी म्हणून लिवतीस व्हय? आणि तीनच?"

"भात पण."

"उद्या त्या डॉक्टरला सगळं खरं सांगायचं. मी समोर बसणार हाय. श्रावणीनं सांगितलंय मला त्या यादीचं. माझं नाव लाल अक्षरात असू दे न्हाईतर काळ्या, पण माझं म्हणून लिवायचं." तिने रुमालातला उरलेला चुरा सारिकाच्या ओठांवर झटकला. "आणि मला ती टिकली कशी लावायची दाखव. ह्यो गूळ एकटीनं सुटायचा न्हाई माझा."

सारिकाने मान हलवली. अक्काने शेगडीकडे बघितलं. कढईत खोबऱ्याचा कोळसा झाला होता.

"बघ, करपलं. तुझ्या नादात अख्खं खोबरं गेलं."

"मी म्हटलं होतं," सारिका हळूहळू म्हणाली, "आच कमी ठेव म्हणून."

"कवा म्हटलीस?"

"दर वर्षी म्हणते. तू ऐकतेस कधी?"

"हां," अक्का म्हणाली. तिचा हात सारिकाच्या पाठीवरून फिरत होता. "बोल. आणखी बोल."

आतून बाईचा आवाज आला, "साखर चौऱ्याहत्तर. चढती आहे."

"चढू दे," अक्का म्हणाली, आणि दुसरं खोबरं किसायला घेतलं.